कुत्र्याच्या ट्रेनिंगसाठी सल्ला कुणाचा घ्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिंचवडच्या एका ताईंकडे ११ महिन्यांचा लॅब्रॅडॉर आहे, नाव ब्रूनो. गेले दोन महिने तो जेवत असताना कुणी जवळ गेलं की गुरगुरतो. मागच्या आठवड्यात त्यांच्या ८ वर्षांच्या मुलाने खाली पडलेली पोळी उचलायला हात पुढे केला आणि ब्रूनोने हातावर झडप घातली. रक्त आलं नाही, पण घर हादरलं. ब्रीडर म्हणतो, रोज त्याच्या ताटलीत हात घाला, सवय होईल. सोसायटीतल्या ओळखीचा ट्रेनर म्हणतो, कुत्रा डोक्यावर बसलाय, काटेरी पट्टा घाला आणि २१ दिवस माझ्याकडे बोर्डिंगला ठेवा, गॅरंटी देतो. डॉक्टर म्हणाले, न्यूटर (नसबंदी) करून घ्या आणि एखादा ट्रेनर बघा. यूट्यूबवर दहा जण दहा गोष्टी सांगतात. ट्रेनरला अ‍ॅडव्हान्स देऊन झालाय. आता ऐकायचं कुणाचं?

ताई, आधी आजचं बघू. योग्य माणूस सापडायला आठवडा लागेल, कदाचित पंधरा दिवस. तोवर ब्रूनोचं जेवण वेगळ्या खोलीत, दार लावून. ताटली ठेवायची आणि बाहेर यायचं. खाणं संपवून तो स्वतः दाराशी आला की त्याला बाहेर घ्यायचं, मग आत जाऊन ताटली उचलायची. मुलाचं खाणं चालू असताना ब्रूनो त्या खोलीत नको. जमिनीवर काही पडलं तर ते मोठ्या माणसाने बघायचं. ताटलीत हात घालू नका, तोंडातलं ओढून काढू नका, आणि गुरगुरला म्हणून ओरडू नका. मुलाच्या हातावर बारीकसा ओरखडा जरी उमटला असेल, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं असतं आणि रेबीजच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारायचंच असतं. कुत्रा घरचा आहे, त्याला लस दिलेली आहे, म्हणून हे टाळू नका. आठवडा झाला असला तरी आज जा.

ओरडू नका हे मी का म्हणतोय, ते सांगतो, कारण सल्ला देणाऱ्याची पहिली पारख इथेच होते. कुत्रा गुरगुरतो तेव्हा तो 'लांब राहा, मला धास्ती वाटतेय' असं सांगत असतो. त्यावर त्याला मार बसला, तर तो सांगणं सोडून देतो. धास्ती मात्र आहे तिथेच राहते, उलट तिच्यात माराची भर पडते. पुढच्या वेळी तो न गुरगुरता थेट दात लावतो आणि घरचे सांगतात की काही कारण नसताना चावला. माझ्याकडे चावऱ्या कुत्र्यांच्या ज्या केसेस येतात, त्यांत हा टप्पा इतक्या वेळा येऊन गेलेला असतो की आता मी पहिल्याच फोनवर विचारतो: 'पूर्वी गुरगुरायचा का? मग बंद कशाने झालं?' म्हणून गुरगुरणं दाबून दाखवणं हेच जो माणूस यश समजतो, त्याचा सल्ला अशा केसमध्ये धोक्याचा आहे.

आता मुख्य प्रश्न. आपल्याकडे कुत्र्यांचा ट्रेनर व्हायला कुठलाही परवाना लागत नाही. पशुवैद्याला भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ लागू आहे, पदवी लागते, राज्याच्या परिषदेकडे नोंदणी लागते. ट्रेनरला यातलं काहीच नाही. आज एखाद्याने व्हिजिटिंग कार्ड छापलं तर तो उद्यापासून ट्रेनर, आणि कार्डावर 'बिहेवियरिस्ट', म्हणजे वर्तनतज्ज्ञ, लिहायलाही त्याला कुणी अडवत नाही. जर्मनीत १ ऑगस्ट २०१४ पासून प्राणी संरक्षण कायद्याखाली धंदा म्हणून कुत्र्यांचं ट्रेनिंग देणाऱ्याला सरकारी परवानगी घ्यावी लागते, त्यासाठी आपलं ज्ञान सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे ती चाळणी नाही, त्यामुळे निवडीचं सगळं ओझं कुत्रा पाळणाऱ्याच्या खांद्यावर येतं. तुम्ही गोंधळलात यात तुमचा काही दोष नाही.

ट्रेनिंगच्या नावाखाली होणाऱ्या मारहाणीला कायद्याचा आधार नाही, हेही माहीत असू द्या. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ मध्ये प्राण्याला मारणं, लाथा घालणं, विनाकारण वेदना देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये, त्यामुळे त्याचा धाक कुणाला नाही. तरीही 'थोडं मारावंच लागतं' असं कुणी म्हणालं तर त्याच्या बोलण्याला व्यावसायिक मत समजू नका.

प्रमाणपत्रांचं काय? फ्रेम करून लावलेला प्रत्येक कागद सारखा नसतो. काही कागद दोन दिवसांच्या वर्कशॉपला हजर राहिल्याचे असतात. काही ऑनलाइन कोर्सचे असतात, ज्यात सगळे व्हिडिओ संपवले की कागद मिळतो, कुत्र्याला हात लावावा लागत नाही. आणि काही खरोखर परीक्षा घेऊन दिलेले असतात. सीपीडीटी-केए ही अक्षरं नावापुढे दिसली, तर ती अमेरिकेतल्या सर्टिफिकेशन कौन्सिल फॉर प्रोफेशनल डॉग ट्रेनर्स या संस्थेची आहेत. त्यासाठी ठरावीक तासांचा ट्रेनिंगचा अनुभव दाखवावा लागतो, देखरेखीखाली लेखी परीक्षा द्यावी लागते आणि दर ३ वर्षांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण करावं लागतं. वर्तन सल्लागारांसाठी आयएएबीसी (इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ अ‍ॅनिमल बिहेवियर कन्सल्टंट्स) ही संस्था आहे, ती प्रत्यक्ष केसेस कशा हाताळल्या ते लिहून मागते. कॅरन प्रायर अ‍ॅकॅडमीच्या कोर्समध्ये प्रात्यक्षिक करून दाखवावं लागतं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी एबीटीसीच्या (अ‍ॅनिमल बिहेवियर अँड ट्रेनिंग कौन्सिल) यादीतून सुरुवात करावी. या संस्था प्रमाणित लोकांची यादी आपल्या वेबसाइटवर ठेवतात. ट्रेनरने अक्षरं सांगितली की तिथे त्याचं नाव शोधा, पाच मिनिटांचं काम आहे.

भारतात असे लोक आहेत, पण मोजके, आणि तेही बहुतेक मोठ्या शहरांत. ज्याच्याकडे यातलं काही नाही तो वाईटच, असं मी म्हणणार नाही. कागदाशिवाय उत्तम काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. उलट, कागद असला म्हणून पद्धत चांगली असेल असंही नाही, ती वेगळी विचारावी लागते. 'इंटरनॅशनली सर्टिफाइड' एवढंच लिहिलेलं असेल तर सरळ विचारा: कुणी दिलं, परीक्षा होती का, मुदत कधी संपते? खरं प्रमाणपत्र असलेला माणूस या प्रश्नांनी खूश होतो. आणि केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद हे कुत्र्याच्या वंशावळीचे कागद आहेत. ब्रीडरकडे ते आहेत याचा अर्थ त्याला वर्तन कळतं असा होत नाही.

कागदापेक्षा मला तीन प्रश्न जास्त उपयोगी वाटतात. आमच्या क्षेत्रात ते बरेच प्रचलित आहेत. माझ्या कुत्र्याने बरोबर केलं तर नेमकं काय होईल? चुकीचं केलं तर नेमकं काय होईल? आणि याहून सौम्य दुसरा मार्ग आहे का? भर 'नेमकं' या शब्दावर द्यायचा. 'आम्ही त्याला करेक्शन देतो' हे उत्तर नाही. करेक्शन म्हणजे पट्ट्याला झटका, की लाथ, की विजेचा शॉक, की पाण्याचा फवारा, ते उघड सांगायला हवं. 'कुत्र्याची एनर्जी सेट करतो', 'लीडर कोण ते दाखवून देतो', ही सगळी उत्तर टाळणारी वाक्यं आहेत. ज्याची पद्धत दाखवण्यासारखी आहे, तो म्हणतो: 'बरोबर केलं की चिकनचा तुकडा मिळेल. चुकलं तर तुकडा मिळणार नाही, आणि आपण काम सोपं करून पुन्हा घेऊ.' एवढं साधं उत्तर असतं.

तुमच्या ट्रेनरच्या 'डोक्यावर बसलाय' या निदानाकडे येतो. हे निदान आपल्याकडे इतकं रुळलंय की शिकलेली माणसंही ते शंका न घेता मान्य करतात. त्याचं मूळ १९४७ सालचं आहे. रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास केला. बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या त्या लांडग्यांत वर्चस्वाची झुंज दिसली, आणि 'अल्फा' ही कल्पना तिथून पसरली. अमेरिकन संशोधक डेव्हिड मेक यांनी १९७० साली तीच कल्पना आपल्या ग्रंथातून लोकप्रिय केली. पुढे त्यांनी स्वतः कॅनडाच्या एल्समियर बेटावर अनेक उन्हाळे मोकळे लांडगे जवळून पाहिले. तिथला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची वेगवेगळ्या वयांची पिल्लं, साधं कुटुंब. १९९९ साली त्यांनी शोधनिबंध लिहून सांगितलं की अशा कळपाला 'अल्फा'ची भाषा लावणं चुकीचं आहे. आपल्या जुन्या ग्रंथाची छपाई थांबवा, असं ते प्रकाशकाला वर्षानुवर्षं सांगत राहिले. ज्यांनी ही कल्पना घरोघरी पोचवली त्यांनीच ती मागे घेतली, आणि तीही लांडग्यांबद्दलची होती. तुमचा ब्रूनो तर कुत्रा आहे. त्याला फ्लॅटची सत्ता नकोय, त्याला पोळी हवी आहे आणि ती कुणी हिसकावून घेईल याची भीती आहे.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका, आकडे आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या १४० मालकांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली, त्यांतल्या ४३ टक्के लोकांवर कुत्रा उलटला होता. तोंडातली वस्तू जबरदस्तीने काढून घेणाऱ्यांत ३९ टक्के, आणि कुत्र्याला उताणा पाडून दाबून धरणाऱ्यांत ३१ टक्के. तुमच्या घरात मूल आहे आणि प्रश्न तोंडातल्या घासाचा आहे, म्हणून मधला आकडा दोनदा वाचा. २०२० साली पोर्तुगालमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या ट्रेनिंग शाळांतल्या ९२ कुत्र्यांची तुलना केली. झटके, दमदाटी वापरणाऱ्या शाळांतले कुत्रे ट्रेनिंगच्या वेळी जास्त तणावाखाली होते, त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे तणावाचं हार्मोनही जास्त वाढलं होतं. अमेरिकेतल्या वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ साली लेखी भूमिका घेतली की सर्व कुत्र्यांसाठी, आक्रमक कुत्र्यांसाठीसुद्धा, बक्षिसावर आधारलेलीच पद्धत वापरावी. 'लाडाने शिकवणं छोट्या पिल्लांना ठीक, चावऱ्या कुत्र्याला कडकच हवं' असं तुम्हाला ऐकवलं जाईल. या अभ्यासांतून दिसतं ते बरोबर उलट आहे.

काटेरी पट्टा 'काम करतो' हे मात्र खरं आहे. दुखलं की कुत्रा थांबतो. पण ब्रूनोच्या बाजूने बघा. मूल जवळ आलं, ताटली समोर आहे, आणि मानेत कळ आली. तो मुलाचा आणि कळीचा संबंध जोडतो. त्याला आधी वाटत होतं की मुलगा आला की घास जातो, आता वाटतं की मुलगा आला की घासही जातो आणि दुखतंही. आपण त्याला नेमकं याच्या उलट शिकवायचं आहे.

ते कसं, हे जवळून सांगतो, म्हणजे चांगला सल्लागार घरी आला की काय करतो ते तुम्हाला ओळखता येईल. पहिल्या भेटीत तो कुत्र्याला बहुतेक हातही लावणार नाही. तास-दीड तास तुम्हालाच विचारत बसेल. ब्रूनो कोणत्या वयात घरी आला, दिवसातून किती वेळा आणि किती खातो, गुरगुरणं कोरड्या खाण्यावर होतं की फक्त चिकन आणि हाडांवर, खेळण्यावर होतं का, तुमच्यावर होतं की फक्त मुलावर, किती फुटांवरून सुरू होतं, रात्री झोप कशी असते, अंगाला खाज आहे का, औषधं कुठली चालू आहेत. शक्य असेल तर तो तुमच्याकडे आधीचा एखादा व्हिडिओ मागेल, मुद्दाम गुरगुरायला लावून दाखवा असं म्हणणार नाही. 'बघू, आत्ता चिडवा त्याला' असं कुणी म्हणालं तर तिथेच चहा पाजून निरोप द्या.

मग काम सुरू होतं ते लांबून. समजा ब्रूनो पाच फुटांवर ताठरतो. तर तुम्ही आठ फुटांवरून जाता, जाता जाता उकडलेल्या चिकनचा एक तुकडा त्याच्या ताटलीच्या दिशेने टाकता आणि न थांबता पुढे निघून जाता. बस. पुन्हा तेच. काही दिवसांत असं होतं की तुम्ही दिसताच तो ताटलीतून मान वर काढतो, अंग सैल, शेपूट मोकळी, 'आला वाटतं तुकडा' अशा नजरेने बघतो. हा बदल दिसला की मग साडेसात फूट. सल्लागाराची नजर सगळा वेळ कुत्र्याच्या अंगावर असते. खाण्याचा वेग अचानक वाढला का, डोकं ताटलीवर आणखी खाली गेलं का, क्षणभर खाणं थांबून अंग गोठलं का, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसलं का. यातलं काहीही दिसलं तर आपण फार जवळ गेलो, परत मागे. गुरगुरण्यापर्यंत गोष्ट जाऊच द्यायची नाही. आणि ८ वर्षांच्या मुलाला या सरावात सुरुवातीला घ्यायचंच नाही, आधी मोठी माणसं. जो पहिल्याच दिवशी मुलाच्या हातात ताटली देतो, त्याला जोखीम कळत नाही.

ब्रीडरच्या 'ताटलीत हात घाला' या सल्ल्याचं उत्तर यातच आलं. तुम्ही जेवायला बसलात आणि रोज कुणीतरी येऊन तुमच्या ताटात हात फिरवून जाऊ लागलं, तर आठवड्याने तुम्ही त्याला प्रेमाने बसवून घ्याल का ताट जवळ ओढाल? कित्येक पिल्लांना गुरगुरायला या सवयीनेच शिकवलेलं असतं.

डॉक्टरांकडे मात्र परत जा, पण न्यूटरिंगसाठी नव्हे, तपासणीसाठी. नसबंदी करायची की नाही हा स्वतंत्र निर्णय आहे आणि त्याची कारणंही वेगळी आहेत. अन्नावरून गुरगुरण्यावरचा उपाय म्हणून तिच्याकडे बघू नका. वागणं अचानक बदललं की आधी शरीर बघायचं, हा आमच्या कामातला पहिला नियम. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातले डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली लिहिलं की त्यांच्याकडे पाठवल्या जाणाऱ्या वर्तनाच्या केसेसपैकी, कमीत कमी धरलं तरी, सुमारे एक तृतीयांश केसेसमध्ये कुठलं ना कुठलं दुखणं सापडतं. लॅब्रॅडॉरमध्ये कान आणि खुब्याचा सांधा ही नेहमीची ठिकाणं. पावसाळ्यात कान चिघळलेले असतात आणि घरच्यांना वासापलीकडे काही जाणवत नाही. जंत आहेत का, खाणं वाढत्या वयाला पुरतंय का, हेही बघून घ्या. आणि खाजेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर ते आवर्जून सांगा, त्यांनी भूक जबरदस्त वाढते. लॅब्रॅडॉर तसाही खादाड. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली आढळलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि त्याचा संबंध खाण्याच्या ओढीशी आणि वजनाशी आहे. अशा कुत्र्याला अन्नावरून शिक्षा करणं मला फार वाईट वाटतं.

डॉक्टरांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सगळ्याच पशुवैद्यांनी वर्तनाचा वेगळा अभ्यास केलेला नसतो, आणि चांगले डॉक्टर ते मोकळेपणाने सांगतात. त्यांच्याकडून तपासणी, निदान आणि औषध घ्या. फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन यांसारखी औषधं काही कुत्र्यांना खरोखर लागतात, ती लिहून देण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत पशुवैद्याचा. ट्रेनरने 'ही गोळी द्या, शांत राहील' म्हटलं तर त्याने आपली हद्द ओलांडली. चांगला ट्रेनर स्वतःहून विचारतो, 'तुमच्या डॉक्टरांशी मी बोलू का?' माझ्या दृष्टीने कुठल्याही पदकापेक्षा ही खूण मोठी आहे.

आता बोर्डिंग आणि गॅरंटी. ब्रूनोचा प्रश्न तुमच्या घरात, तुमच्या मुलाच्या आणि त्या स्वयंपाकघराच्या संदर्भात उभा राहिलाय. २१ दिवस दुसरीकडे राहून तो दुसऱ्या माणसासमोर वागायला शिकेल, आणि परत आल्यावर तुमचं मूल तेच, पोळी तीच. शिकायचं आहे ते घरच्या माणसांनी, आणि बोर्डिंगमध्ये तीच नसतात. बंद दाराआड काय चालतं ते तुम्हाला दिसत नाही, हे आणखी वेगळं. घाबरून गप्प झालेला कुत्रा आणि शांत झालेला कुत्रा नवख्या डोळ्याला सारखेच दिसतात. १९६७ साली सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले की जे टाळण्याचा काही मार्गच नव्हता. पुढे मार्ग खुला करून दिला तरी त्यांतले बरेच कुत्रे उठलेच नाहीत, झटके सोसत पडून राहिले. मानसशास्त्रात शिकलेल्या असहायतेची जी कल्पना आहे, ती या कुत्र्यांवरून आली. 'बघा, कसा शांत झाला' असं म्हणून परत दिलेल्या कुत्र्याचे खाली गेलेले कान, पोटाशी घेतलेली शेपूट आणि नजर चुकवणं पाहिलं की मला ते कुत्रे आठवतात.

गॅरंटीबद्दल इतकंच की सीपीडीटी देणाऱ्या संस्थेच्या आचारसंहितेत ट्रेनिंगच्या निकालाची गॅरंटी देऊ नये असं कलमच आहे. समोर जिवंत प्राणी आहे, घर तुमचं आहे, सराव तुम्ही किती करणार हे ट्रेनरच्या हातात नाही. प्रामाणिक माणूस योजना सांगतो, अंदाज सांगतो, आणि महिन्याभरात काय दिसलं तर आपण बरोबर चाललोय हेही सांगतो.

तुमच्या ओळखीत कुणी निवृत्त लष्करी किंवा पोलीस हँडलर असेल आणि लोक तिकडे बोट दाखवत असतील, तर तेही बोलून टाकतो. मेरठचं लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरचं केंद्र किंवा ग्वाल्हेरजवळ टेकनपूरचं सीमा सुरक्षा दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र इथून तयार झालेल्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. कुत्र्याकडून काम करून घेण्यात त्यांचा हात धरणारे थोडे. पण तो कुत्रा त्या कामासाठी निवडलेला असतो, एका हँडलरबरोबर दिवस काढतो आणि ड्यूटी संपली की केनेलमध्ये जातो. ब्रूनोला आजी, मूल, कामाच्या मावशी आणि दारावरचा डिलिव्हरीवाला या सगळ्यांत चोवीस तास राहायचंय. अशा हँडलरनाही तेच तीन प्रश्न विचारा. त्यांच्यातले काही जण आज खाऊ आणि खेळ वापरून फार सुंदर काम करतात.

यूट्यूब आणि रील्स पूर्ण सोडा असं मी म्हणणार नाही. 'बस', 'थांब', पट्टा न ओढता चालणं, हे चांगल्या व्हिडिओवरून शिकता येतं. फक्त बघताना आवाज बंद करा आणि ट्रेनरकडे न बघता कुत्र्याकडे बघा. तो सतत जांभया देतोय, जीभ नाकावर फिरवतोय, पंजा उचलून धरतोय, ट्रेनर हलला की दबकतोय, तर बोलणं कितीही गोड असो, व्हिडिओ बंद करा. मध्येच कट मारून आधीचं आणि नंतरचं दाखवणारे व्हिडिओ तर पुरावा म्हणून धरूच नका, मधल्या भागातच सगळं असतं. आणि चावण्याशी संबंधित कुठलीही गोष्ट व्हिडिओ बघून करायची नाही. व्हिडिओतल्या माणसाला तुमचा कुत्रा दिसत नसतो, तो किती फुटांवर ताठरतो हे त्याला ठाऊक नसतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या सल्ल्यालाही हेच लागू.

माणूस पक्का करण्याआधी त्याचं एक सेशन दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याबरोबर बघायला मागा. त्या कुत्र्याच्या मालकांची हरकत नसेल तर चांगला ट्रेनर नाही म्हणत नाही. तिथे कुत्रा ट्रेनरकडे स्वतःहून धावत येतो की पट्टा दिसताच टेबलाखाली जातो, एवढं पाहिलंत तरी पुरे. त्याच्या जुन्या ग्राहकांशी बोलताना 'कुत्रा सुधारला का' एवढ्यावर थांबू नका, सहा महिन्यांनी काय स्थिती होती ते विचारा. जवळपास कुणीच सापडलं नाही, तर ऑनलाइन सल्ला घ्या. अन्नावरून गुरगुरण्याच्या केसेस व्हिडिओ कॉलवर चांगल्या हाताळता येतात, कारण सराव शेवटी घरच्यांनीच करायचा असतो आणि अनोळखी माणूस खोलीत नसलेला बराच वेळा सोयीचाच पडतो.

राहिला अ‍ॅडव्हान्स. त्या ट्रेनरला फोन करा, तीन प्रश्न विचारा, आणि बोर्डिंगची जागा आधी न कळवता येऊन बघू देशील का, रोजच्या सेशनचे न कापलेले व्हिडिओ पाठवशील का, तेही विचारा. काटेरी पट्टा न वापरता, तुमच्या घरी येऊन, डॉक्टरांच्या तपासणीनंतर काम करायला तो मनापासून तयार असेल तर दोन सेशन घेऊन बघायला हरकत नाही, तेही पूर्ण वेळ तुम्ही समोर असताना. तयार नसेल तर पैसे परत मागा. नाही दिले तर सोडून द्या. पैसे गुंतलेत म्हणून ब्रूनोला तिथे पाठवू नका. डॉक्टरांची अपॉइंटमेंट या आठवड्यातच घ्या, आणि कानांची तपासणी करायला विसरू नका म्हणून त्यांना आधीच सांगा.